आधी नाव विचार

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षरांवरची रेघही सरळ येत नाही, लिहिता लिहिता वर चढत जाते. ही वही कुणाला दाखवायची म्हणून लिहीत नाही. तरी तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागलीच, तर चुकांबद्दल माफ करा. एक चूक मात्र माफ करा म्हणत नाही. ती पुढं येईल.

आमच्या सिस्टरबाई रक्त काढायच्या आधी डोळे मिटायच्या. समोर हात पसरलेला, दंडाला रबर बांधलेलं, आणि या बाई देवळात बसल्यासारख्या डोळे मिटून. नवीन बाई घाबरायची. "अवं बाई, पाहून तर काढा!" म्हणायची. सिस्टरबाई डोळे न उघडता सांगायच्या, "डोयानं पाहिली तर शीर फसवते. बोटानं पाहा लागते." मग त्यांचं पहिलं बोट कोपराच्या खोलगट जागेवर हळूहळू फिरायचं आणि एका ठिकाणी थांबायचं. "हे पाहा. इथी बसली आहे लपून."

सुई टोचली की डोळे उघडे. तेव्हा पापणीसुद्धा हलायची नाही.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरलेली होती. नाव विचारायचं. पेशंट ओळखीची असो, नात्यातली असो, रोज येणारी असो, सिस्टरबाई खाटेशी उभ्या राहून विचारणारच, "तुयं नाव काय वं?" आणि नाव त्या स्वतः कधी घ्यायच्या नाहीत. "तू अमकी ना?" असं विचारलं तर तापातली बाई कशालाही हो म्हणते, असं त्यांचं म्हणणं. तिच्या तोंडातून आलं तरच ते नाव.

एकदा त्यांच्या शेजारीणच आल्या. सिस्टरबाईंनी विचारलं, "नाव सांगा." शेजारीण चिडल्या. "काल संध्याकाळी माझ्या घरून दही नेलं ना वं तू? आज नाव इचारून राहिली?"

"दही नेलं ते वाटीत नेलं. हे बाटलीत जाते. नाव सांगा."

शेजारणीनं सांगितलं. पुढं आठ दिवस दही दिलं नाही.

खरी मजा व्हायची ती नवऱ्याच्या नावाशी. बाटलीवर चिकटवायच्या पर्चीवर पूर्ण नाव पाहिजे, आणि आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेणार कशा? कुणी पदर तोंडात धरायची, कुणी म्हणायची, सासूला विचारा. सासू तर सकाळच्या गाडीनं गावी गेलेली. मग सिस्टरबाई हातातली सिरिंज परत उकळत्या भांड्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घे उखाणा. घेतल्याबिगर सुई लावत नाही." सगळा वॉर्ड उठून बसायचा. दुखणं घेऊन आलेल्या बाया, पोटाला पट्ट्या बांधलेल्या, हसू नका म्हटलं तरी हसायच्या. टाके दुखतात म्हणून ओरडायच्या आणि परत हसायच्या.

हा दवाखाना आमच्या पांढुर्ण्यात एका डॉक्टरीणबाईंचा होता. बायकांचा, दहा खाटांचा. आता ती इमारत नाही. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट आहे. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो खोकल्यानं गेला. पदरात एक मुलगी. ओळखीनं मला तिथं आयाचं काम मिळालं. खाटा पुसायच्या, भांडी द्यायची, सिरिंजा उकळायच्या. मी कुणाशी बोलत नसे. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते, अजूनही.

मला लिहिता येतं हे सिस्टरबाईंनीच शोधून काढलं. मी कपड्यांच्या गाठोड्यावर खडूनं आकडे घालत होते. त्या मागं उभ्या राहून पाहत होत्या. "चार बुकं शिकेल आहे तू? अन् सांगत नाही?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला सोबत घेतलं. त्या रक्त काढणार, मी पर्ची लिहिणार.

त्या काळात काचेच्या सिरिंजा होत्या. सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. उकळलेली सुई सिस्टरबाई कापसावरून ओढून पाहायच्या. कापसाचा तंतू अडकला की समजायचं, टोक वाकलं. मग दगडावर घासायची. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, उकळून, उन्हात वाळवून ठेवायच्या, त्यांत रक्त. सुई काढून टाकूनच रक्त बाटलीत सोडायचं, आणि तेही बाटलीच्या कडेनं. "फेस आला का रक्त फुटते. फुटेल रक्त खोटं बोलते." काही बाटल्यांत पांढरी पूड असायची, रक्त गोठू नये म्हणून. त्या बाटल्या हातात धरून आडव्या-उभ्या करायच्या. जोरात नाही. "लेकराले झोपवल्यावाणी," त्या म्हणायच्या.

मला त्यांनी रक्त काढायलाही शिकवलं. आया बाईला कोण शिकवतं? त्यांनी शिकवलं. आधी संत्र्यावर. संत्री आमच्याकडं काय, दारात पडलेली असतात. सुई किती तिरपी धरायची, साल कधी सुटली ते बोटाला कसं कळतं, हे सगळं संत्र्यानं शिकायचं. पहिल्या दिवशी मी संत्रं हातात घेतलं आणि सुई लावली, तर हातावर चापट बसली.

"आधी नाव विचार."

"कोणाले?"

"त्याले."

मला वाटलं थट्टा आहे. पण त्या हसत नव्हत्या. मला त्या संत्र्याला विचारावं लागलं, तुझं नाव काय? सिस्टरबाई लहान आवाजात म्हणाल्या, "मी सौंसरचं संत्रं, बाई." मग मात्र आम्ही दोघी इतक्या हसलो की डॉक्टरीणबाई वर बघायला आल्या.

संत्र्यानंतर ओल्या फडक्याखाली ठेवलेली रबरी नळी, डोळे मिटून शोधायची. आणि शेवटी सिस्टरबाईंनी स्वतःचा हात पुढं केला. मी तीनदा चुकले. त्यांच्या कोपरात निळे डाग पडले. ते डाग त्यांनी पदराखाली झाकले आणि चौथ्यांदा दुसरा हात दिला.

पर्चीचाही एक नियम होता. नाव खाटेशी उभं राहूनच लिहायचं. आधी रक्त, मग पर्ची, आणि माणूस डोळ्यांसमोर. बाटली हातातून खाली ठेवायची नाही तोवर. "समोर माणूस नसन तर नाव लिहायचं नाही," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं असेल की मी झोपेत म्हटलं असतं.

मला रक्ताची भीती वाटली नाही. लिहिण्याची वाटायची. खाटेभोवती माणसं उभी, त्यांतली दोन-चार शिकलेली, आणि मी पेन धरून एकेक अक्षर काढते आहे. चिकटपट्टीच्या त्या तुकड्यावर माझी रेघ वर चढत जायची. कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

पोळ्याच्या दिवशी दोन बाया भरती झाल्या.

एक शाळेत शिकवायची. तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. तिची गर्भाची पिशवी काढायची होती. दुसरी लोधीखेड्याकडची, शेतकऱ्याची बायको, जेमतेम बावीस वर्षांची. तीन महिन्यांची मुलगी घरी ठेवून आलेली. अंगावरून जाऊन जाऊन रक्त कमी झालं होतं, ओठ कागदासारखे. पण तोंड गप्प नाही. सिस्टरबाईंनी नाव विचारल्याबरोबर तिनं लाजतबिजत नाही, उठून बसून उखाणा घेतला:

"संत्र्याले आला बार, बागेले आला रंग,
...रावांचं नाव घेतो सिस्टरबाईच्या संग."

नवऱ्याचं नाव मी गाळलं आहे. का, ते शेवटी कळेल. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. सिस्टरबाई म्हणाल्या, "हे चांगलं आहे. बाकीच्याईले वढून काढा लागते." त्या दिवसापासून तिचं नाव उखाणेवाली पडलं. तिला खिडकीजवळची तीन नंबरची खाट होती. मास्तरीणबाईंना चार नंबरची.

उखाणेवालीची पर्ची झाली. मग मास्तरीणबाईंची लिहायला मी वाकले. त्यांनी मान उंच करून पाहिलं आणि म्हणाल्या, "थांब गं. ही वेलांटी पहिली नाही, दुसरी. आण इकडे पेन." आणि माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी ते अक्षर दुरुस्त केलं. वाईट मनानं नाही. शाळेतल्या मुलीचं करावं तसं. भोवतीची माणसं हसली. तीही वाईट मनानं नाही. उखाणेवालीचा नवरा तिथं उभा होता, तो नाही हसला. त्याला लिहिता येत नव्हतं.

मी हसले, असं वाटतं. मग संडासात जाऊन तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी गोटमार होती. तुम्ही इकडचे असाल तर सांगायला नको. नसाल तर एवढंच, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. जुनी रीत आहे. त्या दिवशी गावातल्या कुठल्याच दवाखान्याला तो कशाचा आहे हे विचारत नाहीत. बायकांच्या दवाखान्यातही फुटकी डोकी येतात.

त्या सकाळी दोघींचं पुन्हा रक्त काढायचं होतं. उखाणेवालीला रक्ताची बाटली चढवायची ठरली होती. त्यासाठी तिच्या रक्ताचा नमुना घेऊन नवरा नागपूरला जाणार, तिथं ते जुळवून पाहणार आणि जुळेल ती बाटली देणार. मास्तरीणबाईंचा नमुना ऑपरेशनच्या आधीचा, गावातच तपासायचा होता.

मी लवकर गेले. वॉर्डात सगळ्या झोपलेल्या. औषधाच्या खोलीत बसून, दार लोटून, मी दोन पर्च्या लिहिल्या. कुणी बघणारं नव्हतं. सावकाश लिहिल्या. दुसरी वेलांटी नीट काढली. आणि दोन रिकाम्या बाटल्यांवर चिकटवून ट्रेमध्ये ठेवल्या. डावीकडं तीन नंबर, उजवीकडं चार नंबर. मला इतकं बरं वाटलं. आता खाटेशी उभं राहून लिहायला नको, मास्तरीणबाईंच्या डोळ्यांखाली तर नकोच.

नऊ-दहाच्या सुमारास नदीकडून ओरडा ऐकू यायला लागला. खिडकीखालूनच रस्ता. डोकी फुटलेल्यांना खांद्यावर घेऊन माणसं पळत होती. उखाणेवालीनं बाहेर डोकावलं आणि तिला भोवळ आली. "मले नोको वं ही खिडकी," म्हणाली. मास्तरीणबाईंचे भाचे नदीवर गेले होते, त्यांचा जीव खिडकीशी अडकलेला. दोघींनी आपसात ठरवलं. खाटा बदलल्या. त्यांच्या उशा, गाठोडी, तांबे मीच उचलून इकडचे तिकडं ठेवले. या हातांनी.

उशी ठेवताना उखाणेवाली मला हळूच म्हणाली, "आज नवीन पाठ केला आहे. सिस्टरबाईच्या नावाचाच आहे. पाहाजो, कशा हासते तर."

मी म्हटलं, "सांग ना."

"अंहं. त्यायनं विचारल्यावर."

सिस्टरबाई आल्या तेव्हा खाली चार माणसं टाके घालायला बसलेली होती. त्यांच्या बाहीवर रक्ताचे शिंतोडे. त्यांनी तीन नंबरच्या खाटेवरचा हात धरला, डोळे मिटले, शीर शोधली, रक्त काढलं, आणि मी ट्रेमधली डावी बाटली पुढं केली. खालून डॉक्टरीणबाईंची हाक आली. सिस्टरबाईंनी बाटली भरली. मग चार नंबर. उखाणेवालीनं हात पुढं केला आणि त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली, विचारतील म्हणून. तिच्या ओठांवर हसू तयार होतं. मी उजवी बाटली दिली.

"पर्ची?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"लावली."

त्या थांबल्या. "लावली? कव्हा लावली?"

खालून दुसरी हाक आली, या वेळी ओरडूनच. त्या गेल्या.

नाव विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्या एकाच दिवशी विचारलं नाही. उखाणेवाली माझ्याकडं पाहून म्हणाली, "आज काऊन नाही विचारलं वं?" मी म्हटलं, "उद्या विचारतील."

दुपारी तिचा नवरा बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली घेऊन पॅसेंजरनं नागपूरला गेला. थर्मास त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तो गेल्यावर मी वॉर्ड पुसायला गेले. मास्तरीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना तिथं बघून माझ्या मनात काहीतरी हललं. घरून निघाल्यावर चूल विझवली का असं वाटतं ना, तसं. मी क्षणभर उभी राहिले. खाली जाऊन सिस्टरबाईंना सांगावं असं वाटलं. पण सांगायचं काय? खाली डॉक्टरीणबाई कुणावर तरी ओरडत होत्या, माणसं दाटलेली. मी पोतेरं पिळलं आणि पुढची खाट पुसली.

ते एवढंसं हलणं मी रोज आठवते. चूक नकळत झाली असं मी मला म्हणू शकत नाही, ते त्या हलण्यामुळं.

दुसऱ्या सकाळी नवरा परत आला. बाटली मिळाली म्हणून त्याचा चेहरा उजळलेला. सिस्टरबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं, आता मात्र खाटेशी उभ्या राहून विचारलं, "नाव सांग." तिनं उखाणा घेतला नाही. नुसतं नाव सांगितलं, दमली होती. नाव जुळलं. जुळणारच. बाटलीवर तिचंच नाव होतं. नागपूरला गेलेलं रक्त तिचं नव्हतं, हे नावावरून कसं कळावं?

बाटली लागली. सिस्टरबाईंची रीत अशी की पहिली पंधरा मिनिटं उठायचं नाही, नाडीवर बोट ठेवून बसायचं. त्या बसल्या होत्या. थोडंसं गेलं असेल, उखाणेवाली म्हणाली, "बाई, कंबर दुखून राहिली वं माई." मग म्हणाली, "थंडी वाजून राहिली." सिस्टरबाईंनी तिचं बोलणं संपायच्या आत नळी बंद केली. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी नाडी सोडली नाही, मान वळवून आधी चार नंबरच्या पाटीकडं पाहिलं, मग खिडकीशी बसलेल्या मास्तरीणबाईंकडं. त्यांना सगळं कळलं होतं.

दुपारपर्यंत तिची लघवी काळ्या चहासारखी झाली. जीप करून नागपूरला नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. खबर तिच्या नवऱ्यानंच आणली. थर्मास परत करायला आला होता, दवाखान्याचा होता म्हणून. त्यानं तो धुऊन आणला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघींचं रक्त पुन्हा तपासून घेतलं होतं. गटच वेगळे होते. त्यांनी औषधाच्या खोलीत सिस्टरबाईंना उभं केलं. टेबलावर मास्तरीणबाईंच्या नावाची बाटली. माझी रेघ वर चढत गेलेली, लांबूनही दिसत होती. मी भांडं घेऊन दारात उभी.

"ही पर्ची कुणी लावली?"

सिस्टरबाईंनी बाटली उचलली, पाहिली, आणि खाली ठेवली. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

"मी लावली," त्या म्हणाल्या.

"नाव विचारलं होतं?"

"नाही."

एक खोटं आणि एक खरं. दोन्ही एकाच आवाजात.

तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. आत मुलीची फी आली, खोलीचं भाडं आलं, डॉक्टरीणबाईंचा चेहरा आला, आणि जीभ टाळूला चिकटली. भांडं घेऊन मी मोरीवर गेले.

त्याच दिवशी त्यांना काढलं. जाण्याआधी त्यांनी सगळ्या सिरिंजा धुतल्या, उकळल्या, सुया कापसावरून ओढून पाहिल्या. त्यांचं काम नव्हतं आता ते. मी शेजारी उभी राहून फडकं देत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "जे येईन तिले शिकवजो. आधी नाव." पिशवी उचलली आणि गेल्या.

त्यानंतर दोन नवीन सिस्टर आल्या, गेल्या. मी आयाच राहिले. पण कुणी खाटेशी सुई घेऊन गेलं की मी मागं जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "बाई, तुमचं नाव काय?" चारचौघांत, मोठ्यानं. मला लोक हसायचे. मला डोकं फिरलेली म्हणायचे. उखाणा मात्र मी कुणाला घ्यायला लावला नाही. एखादीनं आपणहून घेतला की मी कान देऊन ऐकायची. वाटायचं, हा तर नसेल तिचा?

चार-पाच वर्षांनी कळलं, सिस्टरबाई सौंसरला एका तपासणीच्या दुकानात रक्त काढतात. जायचं जायचं म्हणत मी वर्ष काढलं. एका शनिवारी बसमध्ये बसले. गाडी जामसांवळीला जाणाऱ्यांनी भरलेली, मांडीमांडीवर नारळ. सगळे मारुतीजवळ काही ना काही मागायला चाललेले. मी खिडकीला डोकं टेकवून वाक्य पाठ करत होते: बाई, ती पर्ची माझी होती.

तिथं पोचल्यावर आत जाऊन नुसतं बोलायचं धाडस होईना. शेवटी मी स्वतःचं रक्त तपासायला दिलं. दुखणं काही नव्हतं. पण तपासणी केली म्हणजे त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसता येतं. हसू नका. माझ्यासारखीला तेवढाच रस्ता असतो.

त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. केस पांढरे. मान खाली, रबर बांधत होत्या.

"नाव सांग."

मी सांगितलं. रबर बांधणारे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही. डोळे मिटले, बोट फिरवलं, शीर शोधली. एका टोचण्यात रक्त आलं. बाटलीच्या कडेनं सोडलं, फेस नाही. मग चिकटपट्टीचा तुकडा कापून माझ्यापुढं ठेवला आणि पेन दिलं.

"लिही. मायासमोर लिही."

मागं रांग होती. मी लिहिलं. एकेक अक्षर. त्या शेवटपर्यंत पाहत होत्या, आणि मला वाटतं रांगही पाहत होती. रेघ वर चढली.

"बाई," मी म्हटलं, "ती पर्ची..."

"माहीत आहे. अशीच चढेल होती."

"मी आधीच लिहिली होती. औषधाच्या खोलीत."

"हो. तेही समजलं होतं मले. पण सुई मायाच हातात होती. अन् विचारलं मी नाही." त्यांनी पर्ची बाटलीला लावली, अंगठ्यानं दाबली. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "तिनं त्या दिवशी नवीन उखाणा पाठ केला होता, असं तिचा नवरा म्हणे. चार नंबरवरून मायाकडे पाहून राहिली होती ती. तुले सांगतला का तिनं?"

"नाही. तुम्ही विचारल्यावर सांगणार होती."

त्यांनी पर्चीवरून अंगठा पुन्हा एकदा फिरवला. रांगेतला एक माणूस खाकरला. "मी रोज विचारतो तिले," सिस्टरबाई म्हणाल्या. "डोये मिटले का." आणि मग, रांगेकडं मान करून, "चला, पुढचं कोण?"

तेव्हा मला कळलं, आता त्या डोळे मिटतात ते नुसते शिरेसाठी नाही.

पुढच्या वर्षी पोळ्यानंतर मी पुन्हा गेले. सोबत संत्री नेता आली नाहीत, हंगाम नव्हता. घरचा चिवडा नेला होता. स्टुलापलीकडं एक तरुण पोरगी होती. म्हणाली, बाई उन्हाळ्यात गेल्या. पोटात गाठ होती, कुणाला सांगितलं नव्हतं.

"शेवटचं रक्त मीच काढलं त्यायचं," ती म्हणाली. "मी रबर बांधलं तर हात मागं घेतला. म्हणे, आधी नाव विचार. मी म्हटलं, बाई, मी तुम्हाले ओळखत नाही का? मले तुमीच तर शिकवलं. तर हात देईचनात."

"मग?"

"मग विचारलं. तव्हा सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. अन् मंग मी बाटलीवर लिहीपर्यंत पाहत राहिल्या."

मी तिला चिवडा दिला आणि आले.

या वहीत मी इतकं लिहिलं, पण सिस्टरबाईंचं नाव कुठंच लिहिलेलं नाही, उखाणेवालीचंही नाही, तिच्या नवऱ्याचंही नाही. तुम्हाला वाटेल, विसरले. विसरले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी पेन घेऊन बसते. सगळी नावं मला येतात, वेलांट्यांसकट. पण खोलीत मी एकटी असते, दार लोटलेलं असतं, आणि समोर कुणी नसतं.

समोर माणूस नसताना मी एकदा नाव लिहिलं आहे.